चुलीची राख कोणी काढावी?

(लेवीय ६ : ८ ते १३ ह्या वचनांवर विचार)

पवित्र शास्त्रातील जी पुस्तके आपण फारशी उघडीत नाही, त्यांत लेवीय हे एक आहे. होम, बली, चरबी, कातडी, राख ह्यांविषयीच्या बारीकसारीक नियमांनी ते भरलेले असल्यामुळे वाचणारा लवकर कंटाळतो व पाने उलटून पुढे जातो. तथापि त्याच्या सहाव्या अध्यायात एक असा नियम आहे की, ज्या घरी चूल पेटते त्या घराने तो एकदा तरी सावकाश वाचावा. रात्रभर वेदीवर होमबली जळत असे. सकाळ झाली म्हणजे याजकाने तागाची वस्त्रे नेसून वेदीवरची राख आपल्या हाताने उचलावी व वेदीच्या बाजूस ठेवावी. मग ती वस्त्रे उतरून दुसरी नेसावी व राख छावणीबाहेर एका शुद्ध जागी नेऊन टाकावी. आणि रोज सकाळी नवी लाकडे रचून अग्नी पेटता ठेवावा, तो कधीही विझू देऊ नये, अशी ती आज्ञा आहे.

ह्या आज्ञेत तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. अग्नी विझू नये एवढ्यासाठी नुसते लाकूड घालीत राहणे पुरत नाही, राखही काढावी लागते, ही पहिली. ते काम कोणा दासाकडे किंवा परक्याकडे न सोपविता, जो बली अर्पितो त्या याजकाकडेच दिले आहे, ही दुसरी. आणि राख उचलताना एक वस्त्र, ती बाहेर नेताना दुसरे, अशी शिस्त लावून देवाने त्या मळकट कामालाही उपासनेच्या क्रमात बसविले आहे, ही तिसरी. ह्या तीन गोष्टी धरून आम्ही आज आपल्या घरच्या चुलीविषयी व तिच्या धुराड्याविषयी काही सांगणार आहो. विषय घरगुती आहे, पण क्षुल्लक नाही. कारण त्यात आपल्या माणसांचा श्वास गुंतलेला आहे.

बीड जिल्ह्यात आता लहान लहान वस्त्यांपर्यंत गॅसची टाकी पोहोचली आहे. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने पुष्कळ गरीब घरांत शेगडी आली, ही समाधानाची गोष्ट होय. तरी आष्टीपासून परळीपर्यंत खेड्यापाड्यांतून चूल काही विझलेली नाही. टाकी लवकर संपू नये म्हणून चहा आणि कालवण गॅसवर, आणि भाकरी व अंघोळीचे पाणी चुलीवर, असा हिशेब कित्येक घरांत चालतो. बाभळीच्या फांद्या, कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या हे आपले सरपण; पावसाळ्यात तेही ओले.

शिवाय आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट निराळी आहे. दसरा-दिवाळीच्या सुमारास येथील असंख्य कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात, कोपीत राहून तीन दगडांच्या चुलीवर स्वयंपाक करतात, आणि उन्हाळ्याच्या तोंडी माघारी येतात. इतके महिने बंद राहिलेल्या घराच्या धुराड्यात त्या अवधीत एखाद्या पाखराने घरटे घातलेले असते, कोळ्याने जाळे विणलेले असते, गांधीलमाशीने मातीचे घर बांधलेले असते. घरची माउली प्रवासाने थकून येते, मुलांना भूक लागलेली असते, म्हणून ती घाईने चूल पेटविते. आणि जो धूर वर जावयाचा तो परतून तिच्या व तिच्या लेकरांच्या तोंडावर येतो. पूर्वी आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत उजेडासाठी व धूर जाण्यासाठी छताला सवणे ठेवीत. पत्र्याच्या घरात तेही उरले नाही. तेव्हा आता धुराड्याची नळी हीच धुराची एकमेव वाट. ती बुजली की सारी खोलीच धुराडे होऊन बसते.

ही वाट करून देण्याची खटपट आपल्या देशात पुष्कळ वर्षांपासून चालत आलेली आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे कार्य चालले असता तेथून ‘मगन चूल’ पुढे आली. आमच्या वाचकांस अधिक जवळची वाटावी अशी हकिकत हैदराबादची आहे. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत आपला बीड जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या राज्याच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेत एस. पी. राजू ह्यांनी मातीची एक निर्धूर चूल सिद्ध केली. मोठमोठ्या इमारती व धरणे ह्यांचा अभ्यास करणाऱ्या ठिकाणी गरिबाच्या चुलीचाही विचार व्हावा, हे त्या गृहस्थांचे वैशिष्ट्य. त्या चुलीत एका जाळावर ओळीने अनेक भांडी ठेवण्याची सोय होती, धूर वर नेणारे धुराडे होते, आणि ओढ कमीजास्त करण्याची झडप होती. ह्या विषयावरील त्यांचे ‘स्मोकलेस किचन्स फॉर द मिलियन्स’ हे पुस्तक १९५३ साली मद्रासच्या ख्रिश्चन लिटरेचर सोसायटीने छापिले. जी संस्था शुभवर्तमानाची पुस्तके छापीत असे, तिने चुलीचेही पुस्तक छापावे, ह्यात विसंगत असे काही नव्हते. ज्या माउलीचे डोळे धुराने चुरचुरत आहेत तिचे डोळे निवविणे हेही शुभवर्तमानच होय.

पुढे १९८३ साली भारत सरकारने सुधारलेल्या चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. तो २००२ पर्यंत चालला, आणि त्या अवधीत तीन कोटींहून अधिक चुली घरोघर बसविण्यात आल्या. डॉ. आनंद कर्वे ह्यांच्या पुण्यातील ‘आरती’ संस्थेने दोन भांड्यांची, धुराड्याची ‘लक्ष्मी चूल’ तयार करून ती घडविण्याचे शिक्षण ग्रामीण कारागिरांस दिले. एवढे सर्व झाले. तरी कित्येक गावांत अशी चूल कोपऱ्यात मोडून पडलेली, नळी फुटलेली किंवा काजळीने बुजलेली, आणि तिच्याच शेजारी तीन दगड मांडून धुरात स्वयंपाक चाललेला, असे दृश्य लोकांनी पाहिले आहे. असे का व्हावे?

ह्याचे उत्तर ओरिसा, म्हणजे हल्लीच्या ओडिशा प्रांतातील एका अभ्यासाने फार स्पष्ट दिले आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो व मायकेल ग्रीनस्टोन ह्या तिघा अर्थशास्त्रज्ञांनी तेथील सुमारे २,६०० कुटुंबांची चार वर्षेपर्यंत पाहणी केली. ह्यांपैकी डुफ्लोबाईंस पुढे २०१९ साली अर्थशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. धुराड्याची सुधारलेली चूल घरात आल्यावर पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या छातीत जाणारा धूर खरोखर कमी झाला. परंतु पुढील वर्षांत तो लाभ नाहीसा झाला. चूल प्रयोगशाळेत उत्तम ठरलेली होती. दोष तिच्या घडणीत नव्हता. लोकांनी ती नियमाने वापरली नाही, तिची डागडुजी केली नाही, आणि हळूहळू ती टाकून दिली. थोडक्यात, देणगी पोहोचली, पण राखण झाली नाही. लेवीय पुस्तकातील नियम जो सांगतो तेच ह्या चार वर्षांच्या मोजमापानेही सांगितले: राख काढल्यावाचून अग्नी नीट राहत नाही.

आता काजळी म्हणजे काय व ती का धरते, हे समजून घेऊ. लाकूड पुरते जळले तर त्यातून उष्णता, थोडी वाफ, डोळ्यांस न दिसणारा वायू व शेवटी राख एवढेच उरते. परंतु लाकूड ओले असेल, जाळास वारा कमी मिळत असेल, किंवा चुलीचे तोंड सरपणाने कोंबलेले असेल, तर ते धुमसत राहते. धुमसणाऱ्या लाकडातून न जळलेले कण व डांबरासारखी वाफ निघते, आणि थंड नळीच्या आतल्या अंगास लागून ती काळ्या चिकट थराने गोठते. आज एक पापुद्रा, उद्या दुसरा. चार बोटे रुंद नळी दोन बोटे होते, मग एक बोट. तापलेली हवा हलकी होऊन वर चढते व आपल्यामागे ताजी हवा चुलीत ओढून घेते, ह्या ओढीवर सारी चूल चालते. नळी अरुंद झाली की ओढ मंदावते. ओढ मंदावली की जाळ अधिक धुमसतो. जाळ धुमसला की काजळी अधिक धरते. असे हे चक्र आहे. आणखी एक भय असे की, साचलेला थर एखाद्या दिवशी मोठ्या जाळाने स्वतःच पेट घेतो, आणि मग छपरास आग लागण्यास वेळ लागत नाही.

ह्या धुराने काय होते? केवळ डोळ्यांतून पाणी येते एवढेच असते तर आम्ही इतके लिहिले नसते. त्याचे अतिशय सूक्ष्म कण फुप्फुसांत खोल उतरतात. त्यांपासून बायकांना दम्यासारखा जुनाट खोकला व धाप लागते, हृदयावर भार पडतो, डोळ्यांत मोतीबिंदू होण्याचा धोका वाढतो, आणि आईच्या कडेवर चुलीजवळ असणाऱ्या लहान मुलांस न्युमोनिया होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२० साली घरातील अशा धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसे मृत्यू पावली. त्यांत पाच वर्षांखालील मुले २,३७,००० हून अधिक होती. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा एक विषारी वायूही असतो. त्याला रंग नाही, वास नाही. थंडीत कोपीचे दार लावून आत निखारे ठेवून निजणे, हे ह्या वायूमुळे प्राणघातक आहे. आमच्या ऊसतोड बंधुभगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

तर मग धुराडे साफ कसे करावे? हे काम अवघड नाही. त्यास पैसा लागत नाही. लागतो तो अर्धा दिवस व थोडी काळजी. आदल्या रात्री चूल पूर्ण विझू द्यावी, आणि सकाळी राखेत हात घालण्यापूर्वी ती चिमट्याने हलवून पाहावी. कारण वरून थंड दिसणाऱ्या राखेच्या पोटात निखारा रात्रभर जिवंत राहतो. जवळची भांडी, पिठाचे डबे, पाण्याचा माठ बाजूस काढावा किंवा झाकून ठेवावा. अंगावर जुने कपडे घालावे आणि नाकातोंडास ओले फडके बांधावे. याजक राखेसाठी वेगळे वस्त्र नेसत असे, त्यात आपल्यासाठी आरोग्याचाही धडा आहे. पर्सिव्हल पॉट नावाच्या इंग्लिश शस्त्रवैद्याने १७७५ साली दाखवून दिले की, धुराडी साफ करणाऱ्यांच्या अंगावर साचून राहणाऱ्या काजळीमुळे त्यांस कर्करोग होतो. म्हणून काम संपताच कपडे वेगळे धुवावे व साबण लावून अंघोळ करावी.

सफाईचा आरंभ वरून करावा. ज्याला छपरावर चढण्याचा सराव आहे अशा प्रौढ माणसाने, कोणी शिडी धरली असताना चढावे. गंजलेल्या पत्र्यावर मध्येच पाय न देता खालच्या वाशाच्या रेषेत द्यावा. आणि वरून विजेची तार जात असेल तर तिकडे वळूही नये. नळीची टोपी काढून ती झटकावी, घरटे अथवा जाळे असल्यास काढावे; घरट्यात अंडी किंवा पिले असली तर ती उडून जाईपर्यंत चूल अंगणात मांडावी. मग लांब वेळूच्या टोकास गोणपाटाचा बोळा व खराट्याच्या काड्या घट्ट बांधून तो नळीतून वरखाली फिरवावा. वेळू पोहोचत नसेल तर दोरीला बोळा व त्याखाली लहानसा दगड बांधून तो सोडावा व ओढावा. खाली चुलीची तोंडे ओल्या पोत्याने झाकलेली असावी, म्हणजे काजळी घरभर उडणार नाही. ती पडून निवली की चुलीत उतरलेली सर्व काढून घ्यावी. पुढच्या चुलीतून मागच्या वैलाकडे जो बोगदा जातो, तेथेच सर्वांत अधिक राख बसते व तोच भाग पुष्कळ जण विसरतात. तेथे वाकडी काठी किंवा हात घालून तो मोकळा करावा.

सरकारी कार्यक्रमातील पुष्कळ चुलींस अ‍ॅस्बेस्टॉस-सिमेंटची नळी बसविलेली असे. तशी नळी अजून घरात असेल तर तिला लोखंडाने खरवडू नये, कापू नये, फोडू नये; तिची कोरडी धूळ छातीत गेल्यास फुप्फुसाचे भयंकर रोग होतात. ओल्या कापडाच्या मऊ बोळ्याने हलकेच पुसावी, आणि सवड होताच तिच्या जागी पत्र्याची नळी घालावी. पत्र्याची नळी गवताच्या किंवा पाचटाच्या छपरातून न्यावयाची असेल तर भोवती रुंद पत्रा घालून गवत दूर ठेवावे. नळीचे टोक छपराच्या वर निदान हात-दीड हात असावे, नाहीतर वारा धूर खाली दाबतो.

साफसफाई झाल्यावर चुलीस पडलेल्या भेगा माती व शेणाच्या काल्याने लिंपून बुजवाव्या. कारण फटीतून वारा शिरला की ओढ तुटते. लिंपण वाळल्यावर पारख करावी: चुलीच्या तोंडाशी पेटती उदबत्ती धरावी, तिचा धूर आत ओढला गेला तर वाट मोकळी आहे, बाहेर वळला तर अजून कोठे अडथळा आहे. राख रोज काढावी, बोगदा आठवड्यातून एकदा, नळी महिन्यातून एकदा. आणि ऊसतोडीहून परत आलेल्यांनी पहिली चूल पेटविण्याआधी. काढलेली राख झाकणाच्या डब्यात दोन दिवस ठेवून, पूर्ण थंड झाल्यावर परसात किंवा शेतात टाकावी. कडब्याच्या गंजीजवळ कदापि टाकू नये. वेदीची राखही शुद्ध जागी नेण्याची आज्ञा होती. राख हा केर नव्हे. तीच भांडी घासते, तीच जमिनीस खत होते.

एवढे सांगून झाल्यावर मुख्य प्रश्न राहतो. हे काम कोणी करावे?

जगाचा अनुभव असा आहे की, घराचा मळ नेहमी सर्वांत दुबळ्याच्या अंगावर ढकलला जातो. इंग्लंडात श्रीमंतांच्या उंच धुराड्यांत लहान मुलांना चढवून काजळी काढवीत असत. १७८८ साली कायदा झाला की आठ वर्षांखालील मूल ठेवू नये. १८४० साली झाला की एकवीस वर्षांखालील कोणी चढू नये. पण कायदे कागदावर राहिले, कारण ज्यांच्या घरांत ऊब येत होती त्यांना मुलांचे रडणे ऐकू येत नव्हते. शेवटी १८७५ साली जॉर्ज ब्रूस्टर नावाचा मुलगा केंब्रिजजवळच्या फुलबर्न येथे धुराड्यात अडकून मेला, तेव्हा लॉर्ड शाफ्ट्सबरी ह्या देवभीरू पुरुषाच्या खटपटीने त्याच वर्षी पक्का कायदा झाला व ती रीत बंद पडली. आपल्या देशाने मळ काढण्याचे काम जातीच्या माथी मारले, आणि जो मळ करतो तो शुद्ध व जो काढतो तो अशुद्ध, असे उलटे शास्त्र चालविले. ह्या उलट्या शास्त्राचे ओझे ज्यांच्या वाडवडिलांनी वाहिले अशी कुटुंबे आपल्या मंडळ्यांत थोडीथोडकी नाहीत. निदान त्यांच्या घरांत तरी तोच न्याय पुन्हा सुरू होऊ नये.

परंतु होतो. घरात धूर होतो तो सर्वांच्या भाकरीसाठी, आणि तो सोसते एकटी बाई. पुरुष अंगणात बसतो. धूर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. छपरावर चढणे हे बाईचे काम नव्हे असे आपणच ठरविले, आणि चूल हे पुरुषाचे काम नव्हे असेही आपणच ठरविले. मग त्या दोहोंच्या मध्ये जी नळी आहे ती कोणाचीच राहिली नाही. आमच्या मते पुष्कळ चुली मोडण्याचे हे एक खरे कारण आहे. बंधूंनो, आम्ही हे तुम्हांस उद्देशून लिहितो. जो घरचा कर्ता म्हणवितो, जेवणापूर्वी प्रार्थना करतो, त्याने स्वतःस आपल्या घरचा याजक समजावे, आणि याजकाचे पहिले काम काय होते ते आठवावे. ज्या भाकरीवर आशीर्वाद मागावयाचा, तिच्या धुराची वाट मोकळी करणे हा त्या प्रार्थनेचाच भाग आहे. ह्यात कमीपणा मानणाऱ्याने योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढावा. मरणावर जय मिळविलेला प्रभू पहाटे सरोवराच्या काठी शिष्यांची वाट पाहत होता. रात्रभर जाळी ओढून दमलेले शिष्य काठास लागले, तेव्हा तेथे विस्तव पेटलेला, त्यावर मासळी ठेवलेली व भाकर तयार असलेली त्यांनी पाहिली. ज्याच्यापुढे सर्व गुडघे टेकतील त्याने थकलेल्या माणसांसाठी विस्तव सिद्ध ठेवला. मग आपल्या हातास काजळी लागली तर आपली कोणती प्रतिष्ठा जाते?

आता ह्या दृष्टान्ताची आतली बाजू थोडक्यात पाहू. जशी नळी तसे मन. मोठ्या पापाने एकदम बुजलेले मन क्वचित. बहुधा ते पापुद्र्या-पापुद्र्याने बुजते. भावाशी बोललेला एक कठोर शब्द, न फेडलेले लहानसे देणे, बांधावरून धरलेला राग, सासू-सुनेचा अबोला. प्रत्येक थर इतका पातळ की त्याची दखल घ्यावीशी वाटत नाही. बाहेरून धुराडे तसेच छपरावर ताठ उभे दिसते. माणूस उपासनेस येतो, गीत म्हणतो, दान टाकतो. पण आतली ओढ मंदावलेली असते, आणि त्याच्या प्रार्थनेचा धूर वर न जाता घरातच घुमतो. हे प्रथम कोणास कळते? त्याला स्वतःला नव्हे. त्याच्या रागाने डोळ्यांत पाणी येते ते बायकोच्या. गुदमरतात ती मुले. म्हणून आपले धुराडे मोकळे आहे की नाही, ह्याची पारख आपल्याला करावयाची असेल तर आपल्या घरच्या माणसांच्या डोळ्यांकडे पाहावे.

आणि जसे ओल्या लाकडाने काजळी अधिक धरते, तसे अर्धवट, कोमट भक्तीनेही होते. धडधड जळणारी चूल धूर थोडा करते. धुमसणारी चूल सगळे घर काळे करते. ज्याने प्रीती करावयाचे ठरविले आणि पुरती केली, त्याच्या अंतःकरणात मळ थोडा साचतो. ज्याने अर्धे देवाला व अर्धे अहंकाराला दिले, त्याचे धुमसणे थांबत नाही. यास्तव सरपण वाळवून घालावे आणि जाळास वारा द्यावा. म्हणजे क्षमा मागावयाची ती सूर्य मावळण्यापूर्वी मागावी, सत्य बोलावयाचे ते आडपडदा न ठेवता बोलावे.

कोणी म्हणेल, एकदा पश्चात्ताप केला, एकदा बाप्तिस्मा घेतला, आता रोज रोज ही राख कशाला? त्यास आमचे उत्तर इतकेच की, वेदीवरचा पहिला अग्नी परमेश्वरापासून आला होता, तरी राख रोज माणसाला काढावी लागे. अग्नी देणे हे देवाचे काम. राख काढणे त्याने आपल्यावर सोपविले आहे. कृपा ही देणगी आहे, परंतु देणगी राखावी लागते. कोट्यवधी चुली मिळाल्या व त्यांतल्या पुष्कळ बुजून गेल्या, ही गोष्ट आपल्या डोळ्यांपुढे आहे; आपल्या जिवाच्या बाबतीत ती पुन्हा घडू नये.

तर ह्या विचाराचा उपयोग प्रत्येक मंडळीने असा करावा, अशी आमची विनंती आहे. महिन्यातील एक शनिवार ठरवावा. त्या दिवशी प्रत्येक घरच्या पुरुषाने आपल्या चुलीचे धुराडे स्वतः साफ करावे, आणि मुलग्यांस जवळ उभे करून, छपरावर न चढविता, ते काम दाखवावे. म्हणजे उद्याचे कर्ते पुरुष आजच तयार होतील. मंडळीच्या वडिलांनी दोन तरुणांस बरोबर घेऊन विधवा, वृद्ध व आजारी ह्यांच्या घरी जावे, आणि आपल्या घराआधी त्यांची नळी मोकळी करून द्यावी. ऊसतोडीस गेलेल्या कुटुंबांच्या घरांची नोंद ठेवावी, व ती परत येण्याच्या आदल्या आठवड्यात, त्यांची संमती असल्यास, शेजाऱ्यांनी त्यांचे धुराडे पाहून ठेवावे. ज्या घरी अजून तीन दगडांचीच चूल आहे तेथे चूल दाराजवळ किंवा पडवीत आणावी व मुलांस धुरापासून दूर बसवावे. ज्या घरी गॅस आहे त्याने लेकरू खोकत असेल त्या दिवशी तरी पैशाचा हिशेब न करता भाकरीही गॅसवरच भाजू द्यावी. ही कामे लहान आहेत. परंतु त्यांच्यामुळे एखादी माउली दहा वर्षे अधिक सुखाने श्वास घेईल, एखादे तान्हे मूल पावसाळा निभावून नेईल.

हे प्रभो, तू आमच्या घरांत अग्नी दिलास आणि भाकरी दिलीस. त्या भाकरीसाठी जिचे डोळे रोज झोंबतात तिची आठवण आम्हांस दे. आणि आमच्या हातांना राख उचलण्याची व आमच्या मनांना आपला मळ पाहण्याची लाज वाटू देऊ नकोस. आमेन.